नदीकाठची झाडी काढून मुंबईचं पाणी वाढेल का? (आकडे घेऊन या)

लव्हाळं
एप्रिल उजाडला की तलावांच्या टक्केवारीचे तक्ते फिरायला लागतात. त्यांच्या जोडीला यंदा एक प्रस्तावही फिरतोय. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी भातसाचं. ते धरणातून पाइपात शिरत नाही. धरणातून नदीत सोडतात, नदीतून वाहत पिसे बंधाऱ्याला येतं, तिथे उपसून पांजरापूरला शुद्ध होतं आणि मग शहराकडे निघतं. या उघड्या टप्प्यात काठावरची झाडी पाणी 'पिते', एक मोठं झाड रोज ४०० लिटर पितं, म्हणून दोन्ही काठांवर २०-२० मीटरचा पट्टा साफ करा, असं त्या प्रस्तावात आहे.

झाड मुळाने पाणी ओढतं आणि पानांतून हवेत सोडतं, त्याबद्दल वाद नाही. माझे प्रश्न तीन. वाचेल ते पाणी किती? ते मोजायचं कसं? आणि काढायचंच असेल तर कोणती झाडं आणि कशी?

'झाडे लावा झाडे जगवा' छापाचे प्रतिसाद नकोत. 'विकास हवा की झाडं' हेही नको.

शेवटची_लोकल
४०० लिटर? सोसायटीच्या गेटातून वळताना टँकर तेवढं रस्त्यावर सांडतो. आधी टँकर तोडा.

मापटं
वर्गात शिकवतात तो हिशेब करू. १ चौरस मीटरवर १ मिमी पाणी म्हणजे १ लिटर. १ चौरस किमीवर १ मिमी म्हणजे १० लाख लिटर, पालिकेच्या भाषेत १ दशलक्ष लिटर. एवढं लक्षात ठेवलं की अशा कुठल्याही प्रस्तावाची परीक्षा पाच मिनिटांत होते.

धरण ते पिसे नदीची लांबी हिशेबापुरती ५० किमी धरा. दोन्ही काठ मिळून ४० मीटर रुंदी. क्षेत्र झालं २ चौरस किमी. एप्रिल-मेमध्ये मुळांना पाणी मिळत असेल तर दाट झाडीतून दिवसाला ५ ते ६ मिमी जातं. झाडी काढल्यावर ते शून्यावर येत नाही. गवत उगवतं, ओली माती उघडी पडते, त्यातून २ ते ३ मिमी जातंच. फरक ३ मिमी.

२ × ३ = रोज ६ दशलक्ष लिटर. मुंबईचा रोजचा पुरवठा साधारण ३,९०० दशलक्ष लिटर. म्हणजे ०.१५ टक्के, किंवा चोवीस तासांतली सव्वादोन मिनिटं. आणि हे अख्ख्या ५० किमीवर सलग दाट झाडी आहे असं उदारपणे धरून.

आता ४०० लिटरचं. पाण्याची वाफ व्हायला किलोमागे २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते. मे महिन्यात झाडाला मिळणारी निव्वळ सौर ऊर्जा चौरस मीटरमागे दिवसाला १५ मेगाज्यूलच्या आसपास धरली तर कमाल ६ मिमी निघतात. ५ मीटर व्यासाच्या पर्णसंभाराखालचं क्षेत्र २० चौरस मीटरपेक्षा किंचित कमी, म्हणजे १२० लिटर. ४०० लिटरला ९ मीटर व्यासाचा पसारा हवा. तेवढा उंबर असतो, पण काठभर उंबर नसतात. कंबरेएवढ्या बेशरमीच्या झुडपाला ४०० लिटरचा हिशेब लावणाऱ्याने सूर्य कुठून आणला ते सांगावं.

खडकवाट
मापटं, हिशेब बरोबर, एक दुरुस्ती. कमाल मर्यादा फक्त वरून येणाऱ्या उन्हावर ठरत नाही. अरुंद हिरवा पट्टा आणि दोन्ही बाजूंना तापलेला कोरडा माळ असेल तर आडव्या वाऱ्याबरोबर उष्णता येते आणि पट्टा ६ ऐवजी ८ मिमीसुद्धा सोडू शकतो. नदीकाठ हा नेमका असाच अरुंद पट्टा असतो. त्यामुळे फरक ३ च्या जागी ५ मिमी धरा. तरी १० दशलक्ष लिटर. निष्कर्ष बदलत नाही, पण विरोधक हाच मुद्दा काढतील म्हणून आधीच सांगून ठेवतो.

दुसरं म्हणजे ऋतू. जून ते सप्टेंबरमध्ये हवा दमट, आकाश झाकलेलं, झाडं कमीच पाणी सोडतात, आणि तलाव भरून वाहत असताना वाचलेलं पाणी समुद्रातच जातं. बचत मोजायची ती नोव्हेंबर ते मे, आणि उपसा केंद्राच्या वरच्या टप्प्यातली. २१० दिवस × ६ = १,२६० दशलक्ष लिटर. एकट्या भातसाची क्षमता ७,१७,०३७ दशलक्ष लिटर आहे.

पाणकावळा
वाचतोय. चहा ठेवलाय.

टँकरमुक्त
तुम्ही सगळे आधीच निकाल लावून मोकळे झालात. दक्षिण आफ्रिकेने १९९५ पासून 'वर्किंग फॉर वॉटर' नावाने हेच काम राष्ट्रीय पातळीवर चालवलंय. नदीकाठची ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी, डोंगरावरचे पाइन काढले आणि प्रवाह वाढल्याची मोजमापं आहेत. हजारो लोकांना रोजगार मिळाला तो वेगळाच. तिथे चालतं ते इथे का नाही?

खडकवाट
चांगला प्रश्न. काढण्याआधी काय होतं आणि नंतर काय आलं, त्यावर सगळं ठरतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या डोंगरांवर मूळची वनस्पती म्हणजे बुटकी झुडपं. त्यांच्या जागी उंच, सदाहरित, खोल मुळांची झाडं घुसली. ती काढली की मूळची झुडपं येतात, म्हणून फरक मोठा. भातसा-वैतरणेच्या काठी मूळचं काय? करंज, जांभूळ, उंबर, तामण, वाळुंज, खडकांत शेरणी. ही झाडंही उन्हाळ्यात बहुतेक हिरवीच असतात. त्यांच्यात सुबाभूळ घुसली आणि ती काढून पुन्हा करंज आला, तर पाण्याचा फरक जवळपास शून्य. जैवविविधतेसाठी सुबाभूळ जरूर काढा, पण पाण्याच्या खात्यावर टाकू नका.

जगभरच्या ९४ पाणलोट प्रयोगांचा एक गाजलेला आढावा १९८२ मध्ये आला. त्यात पाणलोटातलं पाइन-निलगिरीचं आच्छादन १० टक्क्यांनी बदललं तर वार्षिक पाण्यात सरासरी ४० मिमी फरक, पानझडी झाडांना २५ आणि झुडपांना १० मिमी, असं निघालं. पण त्याच आढाव्यात असंही आहे की आच्छादनातला बदल पाणलोटाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर प्रवाह मोजून तो पकडता येत नाही. २० मीटरचा काठ भातसाच्या पाणलोटाच्या २० टक्क्यांच्या जवळपासही नाही.

उलटं उदाहरण अमेरिकेचं. टॅमरिस्क हे झुडूप १९व्या शतकात वारा अडवायला आणि काठ धरायला तिथे नेलं. ते नैर्ऋत्येच्या नद्यांवर माजलं. एक झाड दिवसाला २०० गॅलन, म्हणजे ७५० लिटरहून जास्त पितं असा आकडा तिथेही वर्षानुवर्षं फिरत होता. न्यू मेक्सिकोत पेकोस नदीकाठची हजारो एकर झाडी १९६७ पासून काढत गेले. नदीच्या मूळ प्रवाहात, म्हणजे पाऊस नसतानाही वाहतो त्यात, वाढ दाखवता आली नाही. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने २०१० मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले. टॅमरिस्क आणि तिथली मूळची कॉटनवुड-विलो झाडं साधारण सारखंच पाणी सोडतात, असं त्यांना दिसलं.

शेवटची_लोकल
म्हणजे ४०० लिटरवाला फॉरवर्ड अमेरिकेहून आला. येताना निम्मा गळला इतकंच.

उंबर
टॅमरिस्कच्या गोष्टीला पुढचा अंकही आहे. ते खाणारे भुंगेरे २००१ मध्ये मुद्दाम सोडले. झुडपं वाळली, पण विलोवर घरटी करणारा एक संकटग्रस्त पक्षी तोवर टॅमरिस्कमध्ये घरटी करायला लागला होता. २०१० मध्ये तिथल्या कृषी खात्याला भुंगेरे सोडण्याचा कार्यक्रम थांबवावा लागला. आधी पर्यायी झाडं उभी करायची आणि मग काढायचं, हा क्रम चुकला की असं होतं.

आपल्याकडे काठ उघडा ठेवण्याचा धोका त्याहून सरळ आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला लोंढा आला की मोकळी केलेली माती बंधाऱ्यात. बंधाऱ्यामागची साठवण गाळाने कमी होणार आणि शुद्धीकरणात तुरटीचा डोस वाढणार. ६ दशलक्ष लिटर वाचवायला गेलात तर गाळ काढायचा खर्च त्याच्या वर.

अरुंद ओढ्यांवर तर झाडांची सावली पाण्यावर पडून उघड्या पाण्याचं बाष्पीभवन कमी होतं. काठ साफ केला की तेही वाढणार. मापटंच्या फरकातून तेवढं वजा करा.

मापटं
उंबर यांना अनुमोदन, पण भातसा पिशाकडे येईपर्यंत बरीच रुंद होते. तिथे सावली कडेच्या चार-पाच मीटरपुरती. वरच्या ओढ्यांवर मुद्दा खरा.

लव्हाळं यांचा दुसरा प्रश्न राहिला, मोजायचं कसं. स्वस्तातली आणि जुनी पद्धत म्हणजे काठावरच्या नळविहिरीतली पातळी चोवीस तास मोजणं. झाडं दिवसा पाणी ओढतात तेव्हा भूजल खाली जातं, रात्री थांबतात तेव्हा आजूबाजूने भरून परत वर येतं. या लाटेवरून हिशेब काढायची रीत व्हाइट यांनी १९३२ मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये मांडली:

बाष्पोत्सर्जन = विशिष्ट उत्पन्न × (२४ × रात्रीचा तासाचा चढ + दिवसभरातली एकूण घट)

विशिष्ट उत्पन्न म्हणजे भिजलेली माती निथळली की तिच्या आकारमानाच्या किती हिस्सा पाणी सुटतं ते. रात्रीचा चढ मध्यरात्र ते पहाटे ४ मधला घ्यायचा. समजा त्या चार तासांत पातळी १२ मिमी चढली, तासाला ३. २४ × ३ = ७२. काल मध्यरात्रीपेक्षा आज मध्यरात्री पातळी ८ मिमी खाली, म्हणजे ८०. वाळूमिश्रित गाळाचं विशिष्ट उत्पन्न ०.०६ धरलं तर ४.८ मिमी.

चूक होते ती याच ०.०६ मध्ये. पुस्तकातून ०.१२ उचललंत की उत्तर ९.६ येतं, आणि ते उन्हाच्या हिशेबात बसत नाही. म्हणून उत्तर नेहमी ऊर्जेच्या मर्यादेशी ताडून पाहायचं. जागेवरचा नमुना काढून निचरा करून मोजलेलं मूल्य वापरा. पाणी पृष्ठभागापासून एक मीटरच्या आत असेल तर केशाकर्षणामुळे ते मूल्य आणखी खाली जातं.

टँकरमुक्त
नळविहीर म्हणजे बोअर मारायची? परवानग्या, खर्च...

मापटं
नाही हो, हातगिरमिटाने होते. २ इंची पीव्हीसी पाइप, ३ ते ४ मीटर. तळाच्या १ मीटरला हॅक्सॉने आडव्या चिरा, दर २ सेंमीला एक. वर नायलॉन जाळी दोन वेढे, तळाला टोपी. भोकात पाइप उभा करून चिरांच्या भोवती १-२ मिमीची धुतलेली वाळू, चिरांच्या वर ३० सेंमीपर्यंत. त्यावर ३० सेंमी बेंटोनाइट (ओली झाली की फुगणारी चिकणमाती), म्हणजे पावसाचं पाणी पाइपाच्या कडेने खाली घुसत नाही. वर टोपी, तिला ३ मिमीचं छिद्र. छिद्र विसरलात तर आत हवा कोंडते आणि पातळी खोटी दिसते.

अशा तीन, नदीला काटकोनात एका रेषेत, काठापासून ५, १५ आणि ३० मीटरवर. एकीवरून फक्त चढ-उतार कळतो. तिघींवरून पाणी नदीकडून काठाकडे चाललंय की काठाकडून नदीकडे, तेही कळतं, आणि आपल्या प्रश्नात महत्त्वाचं तेच आहे. काठच नदीला पाणी देत असेल तर झाडं नदीतलं सोडलेलं पाणी पितच नाहीत, डोंगराकडून येणारं अडवतात.

अडचण जमिनीची. सह्याद्रीच्या पायथ्याशी दीड-दोन मीटरवर गोटे किंवा कातळ लागतो, गिरमिट अडकतं. गाळाचा पट्टा आधी हेरा, सहसा वळणाच्या आतल्या बाजूला मिळतो.

खडकवाट
यात दोन सापळे आहेत, नंतर डोकं धरायची वेळ येते.

पहिला हवेच्या दाबाचा. आपल्या अक्षांशावर हवेचा दाब रोज दोनदा चढतो-उतरतो: सकाळी आणि रात्री १० च्या सुमारास चढ, पहाटे आणि दुपारी ४ च्या सुमारास उतार, फरक ३ ते ४ हेक्टोपास्कल. १ हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास १ सेंमी पाणी. पातळी नोंदायला पाइपात पाण्याखाली सोडतात तो बंद दाबमापी वरच्या हवेचा दाबही मोजतो, म्हणजे ३-४ सेंमीची लाट फुकटात. तुम्ही शोधताय ती झाडांची लाट बऱ्याचदा तेवढीच किंवा लहान. म्हणून दुसरा दाबमापी पाइपाच्या वर हवेत टांगा, दोन्हींची घड्याळं एका मिनिटात जुळवा, नोंद दर १५ मिनिटांनी, आणि वजाबाकी. श्वासनळीची केबल (आतून बारीक नळीने बाहेरच्या हवेशी जोडलेली) असलेला मापी घेतलात तर वजाबाकी वाचते, पण तिच्यातली सिलिका जेल पावसाळ्याआधी बदलावी लागते. ओलावा आत गेला की आकडे वाहवत जातात.

दुसरा सापळा भातसाचा खास. धरणाच्या पायथ्याला १५ मेगावॉटचं वीजघर आहे. विसर्ग तासागणिक कमीजास्त झाला की नदीची पातळी हलते, तिच्या मागोमाग काठाची. चोवीस तासांच्या तालात विसर्ग बदलत असेल तर आलेख हुबेहूब झाडांसारखा दिसतो. नदीच्या पातळीची नोंद शेजारी ठेवल्याशिवाय या पद्धतीला हात लावू नका. शेतीपंपांचंही तेच, सकाळी सुरू दुपारी बंद.

लव्हाळं
पंपांचा विषय निघालाच आहे तर, काठावरचा पंप किती उचलतो?

मापटं
५ एचपी, १५ मीटर चढ, बऱ्यापैकी कार्यक्षमता धरली तर सेकंदाला १० लिटर. आठ तासांत २,८८,००० लिटर. असे एकवीस पंप म्हणजे ६ दशलक्ष लिटर. म्हणजे ५० किमीच्या दोन्ही काठांची झाडी एका बाजूला आणि एकवीस पंप दुसऱ्या बाजूला.

उंबर
आता कोणी 'पंप बंद करा' म्हणायच्या आत सांगते. भातसा प्रकल्पातून शेतीसाठी कालवेही काढलेले आहेत. शहापूर तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरवर असतात. धरण उशाशी आणि कोरड घशाशी. त्यांच्या दोन एकर भाजीच्या पाण्यावर डोळा ठेवून मुंबईत कारंजी चालवायची, हे बरं दिसत नाही.

टँकरमुक्त
पंपांचं कोणी काही म्हटलेलं नाही. आणि मुंबईत गळती-चोरीत रोज काही शे दशलक्ष लिटर जातात, हे मलाही माहीत आहे. पण 'मोठी गळती आहे म्हणून लहान बघू नका' हा युक्तिवाद मला पटत नाही. दोन्ही करा.

खडकवाट
दोन्ही करा, मान्य. माणूसबळ आणि पैसा तोच असेल तर आधी कुठे, एवढाच प्रश्न.

पाणकावळा
चहा संपला, आता बोलतो. काठावरच्या झाडांपेक्षा पाण्यावरच्या वनस्पतींकडे बघा. उल्हास नदीवर मोहने बंधाऱ्याच्या वर जलपर्णी, पवई तलावात जलपर्णी. पवईचं पाणी पिण्याला नाही, ते कारखान्यांना आणि आरेला, त्यामुळे तिथला प्रश्न तलावाच्या तब्येतीचा आहे. उल्हासचं मात्र कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ पितात.

जलपर्णी उघड्या पाण्यापेक्षा तिप्पट-चौपट बाष्पीभवन करते असं वाचायला मिळतं. ते आकडे बहुतेक टबातल्या प्रयोगांचे. टबाच्या कडेने पानं बाहेर लोंबतात, चहूबाजूंनी कोरडी हवा लागते, आणि भागाकार मात्र टबाच्या तोंडाच्या क्षेत्राने. मोठ्या सलग थरावर फरक बराच कमी भरतो. तरी काढायची कारणं पुष्कळ: उपसा केंद्राच्या जाळ्या तुंबतात, खालचा प्राणवायू संपतो, डास होतात.

काढताना:

फेब्रुवारी ते एप्रिल, प्रवाह मंद असताना. वरच्या टोकापासून खाली. खालून सुरू केलं तर वरची सरकून मोकळी केलेली जागा दोन आठवड्यांत भरते. पोषक पाण्यात तिची दुप्पट व्हायची मुदत साधारण तेवढीच.

तरंगता दोर आडवा लावून ५०-५० मीटरचे कप्पे करा. दोर प्रवाहाला तिरका, ३०-४५ अंशांत, म्हणजे जलपर्णी आपोआप एका काठाला जमते आणि तिथे पोकलेन उभा करता येतो.

दाट थराचं ओलं वजन हेक्टरी २०० ते ४०० टन, त्यातलं ९० ते ९५ टक्के पाणी. काढल्या काढल्या डंपरमध्ये भरायची चूक सगळीकडे होते. फुगीर देठांमुळे डंपर वजनाआधीच आकाराने भरतो, आणि तुम्ही हवा आणि पाणी वाहून नेता. चार-पाच दिवस काठावर पसरून वाळवा, पुराच्या रेषेच्या वर. पाणी तिथेच निथळू द्या.

बी गाळात वीस वर्षंही जिवंत राहतं. त्यामुळे 'एकदाच साफ' असा ठेका देऊ नका. ठेका तीन वर्षांचा, दर महिन्याला हाताने वेचणीचा, आणि मोजणी टनावर नको. टनावर पैसे दिले की ठेकेदाराला जलपर्णी वाढलेलीच बरी. मोकळ्या पाण्याच्या चौरस मीटरवर पैसे द्या.

जलपर्णी खाणारे नियोकेटिना जातीचे भुंगेरे भारतात १९८०च्या दशकापासून सोडलेत. ते वाढ रोखतात, पण सांडपाणी भरपूर असलेल्या पाण्यात वनस्पती त्यांच्यापुढे पळते. मूळ रोग नाल्यातून येणारा नायट्रोजन-फॉस्फरस.

शेवटची_लोकल
टनावर पैसे नकोत हे वाक्य फ्रेम करून नाल्याच्या कडेला लावा. गाळवाल्यांनाही लागू पडतं.

चाळीतला_चातक
अवांतर: तलावांवर ते काळे चेंडू का टाकत नाहीत? अमेरिकेत टाकलेत ना.

मापटं
लॉस एंजेलिसने २०१५ मध्ये एका जलाशयात ९.६ कोटी चेंडू टाकले. मुख्य हेतू उन्हामुळे पाण्यात ब्रोमेट हे घातक रसायन तयार होणं रोखणं. बाष्पीभवन कमी होणं हा वरचा फायदा. तो जलाशय शहरातला, शुद्ध पाण्याचा, त्यातून पूर बाहेर पडत नाही. आपल्याकडे विहार जुलै-ऑगस्टमध्ये भरून वाहिला की चेंडू मिठी नदीतून थेट माहीमला.

पण प्रश्न वायफळ नाही. विहारचं भरलेलं पात्र सात चौरस किमीच्या आसपास आहे. उन्हाळ्यात पाणी उतरून ५ चौरस किमी उरलं आणि दिवसाला ५ मिमी उडाले तरी २५ दशलक्ष लिटर. मुंबईच्या सात तलावांतला हा शेवटून दुसरा, आणि तो एकटा भातसाच्या काठांच्या चौपट उडवतो. सगळी चर्चा झाडांभोवती आणि उघडं पाणी मोकळं. उपाय म्हणून पूर्वी सेटिल अल्कोहोल या मेणासारख्या पदार्थाचा पातळ थर द्यायचे प्रयोग देशात झालेत. वारा थोडा वाढला की थर फाटतो, रोज पुन्हा टाकावा लागतो. उथळ आणि खोल असे दोन तलाव असतील तर उथळातलं पाणी आधी वापरून संपवणं हाच बिनखर्चाचा उपाय.

चाळीतला_चातक
चेंडू माहीमला आले तर गल्ली क्रिकेटची सोय होईल. धन्यवाद.

लव्हाळं
मूळ धाग्यावर येऊ या. पाण्यासाठी सरसकट झाडी काढणं फोल, इथवर आलो. घुसखोर झाडं काढायचीच झाली तर कशी?

उंबर
जातीनुसार.

बेशरम: माती ओली असताना मुळासकट उपटा, डिसेंबर-जानेवारी उत्तम. खोडाचा वीतभर तुकडाही रुजतो, त्यामुळे कापलेलं नदीत ढकलणं म्हणजे खाली पेरणी. खडकावर, मुळं वर करून, पूर्ण वाळेपर्यंत. पानं विषारी, काढलेले ढीग शेळ्यांपासून लांब.

सुबाभूळ: नुसती तोडली की एका बुंध्याला दहा फुटवे. शेंगा पिकायच्या आधी जमिनीलगत कापा आणि दर सहा आठवड्यांनी फुटवे हाताने खुडा, किमान दोन उन्हाळे. मातीतलं बी वर्षानुवर्षं उगवत राहतं, रोपं पहिल्या पावसानंतर वीतभर असतानाच उपटली तर काम हलकं.

निलगिरी: जमिनीलगत कापा, बुंधा उपटू नका. काठ त्याच मुळांनी धरलेला असतो. फुटवे खुडत राहिलं की तीन-चार वेळांत दम संपतो.

घाणेरी: वरून छाटू नका. झुडूप बाजूला वाकवून मुख्य मूळ मानेखाली ३ ते ५ सेंमीवर तोडायचं, आणि झुडूप तिथेच उलटं ठेवायचं.

तणनाशकाचं नाव कोणी काढू नये. ग्लायफोसेटचा वापर केंद्राच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केलाय, आणि इथे खाली लाखो लोकांचं पिण्याचं पाणी उपसतात.

एका वर्षात काठाचा एक तृतीयांशच मोकळा करा, ५० मीटर मोकळा, १०० मीटर तसाच. मोकळ्या भागात पाण्याच्या रेषेला वाळा, त्याच्या वर वाळुंजाची सव्वा मीटरची कलमं, दोन तृतीयांश जमिनीत, जूनच्या पहिल्या पावसात. गोट्यांत शेरणी, वर करंजाचं बी. आणि जेवढी माणसं काढायला तेवढीच लावायला आणि राखायला धरा. अंदाजपत्रकात हा भाग नेहमी गायब असतो.

खडकवाट
कायद्याचं थोडक्यात. तानसा आणि मोडकसागरभोवती तानसा अभयारण्य, विहार-तुळशी राष्ट्रीय उद्यानात. तिथे वन्यजीव कायदा १९७२. वन खात्याशिवाय एक फांदीही नाही, आणि स्वयंसेवकांचा रविवार म्हणून सूट मिळत नाही. खासगी मालकीच्या काठावर १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा. आंबा, जांभूळ, ऐन ही झाडं त्याच्या अनुसूचीत आहेत. २०-२० मीटरचा पट्टा साफ करताना यातलं किती आडवं येईल ते प्रस्तावकर्त्यांनी मोजावं.

टँकरमुक्त
ठीक. मग एक किलोमीटरचा प्रयोग तरी करा म्हणेन. तो कसा मांडाल? 'अभ्यास करू' म्हणून गुंडाळून ठेवू नका.

मापटं
गुंडाळत नाही. दोन टप्पे निवडा, प्रत्येकी ५०० मीटर, शेजारी पण मधे किमान अर्धा किमी. माती सारखी, झाडी सारखी, मधे ओढा मिळत नाही असे. दोन्हींत तीन-तीन नळविहिरी आणि नदीच्या पातळीची एकेक नोंद. हवेच्या दाबाचा एक मापी दोघांना पुरतो. पहिला उन्हाळा कशालाही हात लावायचा नाही, फक्त मोजायचं. दुसऱ्या उन्हाळ्याआधी एकाच टप्प्यातली सुबाभूळ आणि बेशरम काढायची, दुसरा तसाच. दोन्ही टप्प्यांतला फरक पहिल्या वर्षी किती आणि दुसऱ्या वर्षी किती, हे बघायचं. एकाच टप्प्याचे 'आधी' आणि 'नंतर' बघितलेत तर पावसाळा कमीजास्त झाल्याचं श्रेय झाडांच्या माथी जाईल.

नदीचा प्रवाह वर आणि खाली मोजून वजाबाकी करायच्या फंदात पडू नका. प्रवाहमापनात ५ टक्के चूक चांगली समजतात. २,००० दशलक्ष लिटरवर ती १०० झाली, आणि तुम्ही शोधताय अर्ध्या किलोमीटरमागे ०.०६.

टँकरमुक्त
हे पटलं. मापी कधी बसवायचे?

मापटं
ऑक्टोबर अखेर, काठ निथळू लागला की. जूनच्या आधी बाहेर काढा, पहिल्या पुरात पाइपासकट जातात. पाइपाचं डोकं जमिनीवर ३० सेंमीच ठेवा आणि वर दगडांचा ढीग करा. उंच ठेवलंत तर गुरं पाठ खाजवतात आणि बेंटोनाइटचं सील सुटतं.